आवाजाचं कव्हर

अमिनाच्या हातात कुठलीही वस्तू द्या, ती आधी तिचे कोपरे चाचपते. मग वजन बघते. मग विचारते, "ही पडणार कुणाच्या हातून?"

गिऱ्हाईक दचकतं. नवी वस्तू घेऊन आलेल्या माणसाला पडण्याची भाषा आवडत नाही. अमिनाचा त्याला इलाज नाही. वस्तू पडतेच, असं ती धरून चालते. कशी पडते, कशावर पडते आणि पडल्यावर आधी काय टेकतं, एवढंच तिला ठरवायचं असतं.

देवळाली कॅम्पच्या बाजारात, किराणा दुकान आणि सायकलवाला यांच्या मधोमध तिचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, एक लाकडी फळी, कॅनव्हासची भेंडोळी आणि दाराशी एक स्टूल. तिचे वडील पिंजारी. गाद्या भरायचे. कापूस पिंजताना तारेचा आवाज गल्लीभर जायचा. फोमच्या गाद्या आल्या आणि तो आवाज थांबला. अमिनाने मग मशीन घेतलं. लष्करातल्या माणसांच्या बदल्या होत राहतात, त्यामुळे तिला काम कमी पडलं नाही. ट्रंकांची कव्हरं, टीव्हीची कव्हरं, सतारीची पिशवी. एका सुभेदारीणबाईंनी तर कुत्र्याच्या पिल्लाला रेल्वेतून न्यायला टोपली शिवून घेतली होती. अमिनाची शिलाई काश्मीरपासून आसामपर्यंत फिरून आली. ती स्वतः मनमाडच्या पुढे गेलेली नाही.

शफी तिचा नवरा. पूर्वी तो ट्रंकांवर पांढऱ्या रंगाने नावं लिहायचा. अक्षर असं की पलटणीतले लोक शोधत यायचे. आता ट्रंका कमी झाल्या. आता तो चहा करतो आणि मतं देतो.

"मतं कुणी मागितली?" अमिना म्हणते.

"चहासोबत फुकट आहेत," शफी म्हणतो.

दाराजवळच्या स्टुलावर दुपारी एक माणूस येऊन बसतो. पुंजाराम अण्णा. कळवणचे. उभी हयात त्यांनी कळवणच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारला. ट्रॅक्टरच्या कडेला उभं राहून भाव ओरडायचे तेव्हा पलीकडच्या हॉटेलातली माणसं हातातला कप खाली ठेवायची, असं त्यांचा मुलगा नाथा सांगतो. मग अण्णांना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि जीभ रुसली. डोकं शाबूत, कान शाबूत, राग शाबूत. फक्त तोंडातून निघायचं ते घोगरं, अर्धवट काहीतरी, आणि ते ऐकून अण्णाच सगळ्यांत आधी वैतागायचे. नाथाने त्यांना कॅम्पात आपल्या घरी आणलं.

गंगापूर रोडच्या एका संस्थेने त्यांना टॅब वापरायला दिला. पडद्यावर चित्रांचे चौकोन. चहा, पाणी, दुखतंय, टीव्ही बंद करा. खाली अक्षरं. डाव्या बोटाने दाबायचं, टॅब बोलतो. पण बोलते ती एक बाई. स्वच्छ, शुद्ध, नाकासमोर चालणारी.

पहिल्या दिवशी स्टुलावर बसून अण्णांनी बोट दाबलं. टॅब म्हणाला, "नमस्कार. आज उष्मा फार आहे."

शफीच्या हातून चहाची गाळणी निसटली. "अण्णा, तुमच्या तोंडात पुण्याच्या बाई येऊन बसल्या की हो!"

अण्णा खांदे हलवून हसले. मग बराच वेळ अक्षरं शोधत राहिले. टॅब म्हणाला, "बाईंना चहा द्या. बिनसाखरेचा."

तेव्हापासून दुकानात त्या टॅबला बाईच म्हणतात.

बाईंना नाथाच्या घरच्यांनी मोबाइलच्या दुकानातून एक तयार कव्हर आणलं होतं. पातळ, चकचकीत, पुस्तकासारखं उघडणारं. अण्णांच्या एका हातात ते राहायचं नाही. एकदा न्हाणीच्या उंबऱ्यावर पडलं आणि काच कोपऱ्यापासून मधोमध चिरली. संस्थेतल्या ताईंनी काच बदलून दिली. देताना मऊ आवाजात सांगितलं, आमच्याकडे आता दुसरा नाही. हा गेला तर नवा यायला दिवाळी उजाडेल.

दिवाळी लांब होती. चैत्र चालू होता. आणि चैत्रातच कळवणला वेदिकाची सुपारी फुटायची होती.

वेदिका म्हणजे नाथाची मुलगी, अण्णांची नात. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. मुलगा सार्थक, कळवणजवळचाच, द्राक्षाच्या पॅकिंगमध्ये काम बघणारा. पोराला पोरगी पसंत, पोरीला पोरगा पसंत. अडचण एकच होती. सार्थकच्या मामांना लग्न वैशाखात हवं होतं. वेदिकाची परीक्षा जूनमध्ये.

हे वेदिकाने आईला सांगितलं नाही, बापाला सांगितलं नाही. आजोबांना सांगितलं. न बोलणाऱ्या माणसाला लोक सगळं सांगतात. आणि ती ज्या दिवशी हे बोलली त्या दिवशी ती अण्णांना दुकानातून घरी न्यायला आली होती, म्हणून अमिनानेही ते ऐकलं.

"एकदा लग्न झालं की परीक्षा राहिलीच, आजोबा. माझी मैत्रीण अशीच राहिली. पण बैठकीत मी कशी बोलू? मामा म्हणतील, पोरगी आत्ताच अटी घालतेय."

त्यांच्या भावकीत एक रीत आहे. सुपारी फोडण्याआधी घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला विचारतात, सोयरीक पसंत आहे का. तो माणूस भरल्या बैठकीत आपल्या तोंडाने सांगतो. त्याला अट घालायची असेल तर तीही तेव्हाच. त्याचा शब्द झाला की मग कुणी फाटे फोडत नाही.

अण्णांनी बोट दाबलं. बाई म्हणाल्या, "मी बोलेन."

नाथाचं म्हणणं वेगळं होतं. "आबा, तुम्ही नुसतं बसा ना. मी सांगतो तुमच्या वतीनं. एवढ्या उन्हात एस्टीनं टॅब न्यायचा, तिथं लहान पोरं, धक्काबुक्की. पडला तर? दिवाळीपर्यंत काय करणार?"

अण्णांनी दाबलं. बाईंनी कुठलाही राग न दाखवता सांगितलं, "नाही."

दुसऱ्या दिवशी वेदिकाने टॅब अमिनापुढे ठेवला. "आपा, याला असं काहीतरी शिवा की हा कळवणला जाऊन परत येईल."

अमिनाने कोपरे चाचपले. वजन बघितलं. कुणाच्या हातून पडणार, हे विचारायची गरज नव्हती.

तिने आपलं सगळं कसब लावलं. बाहेर हिरवा कॅनव्हास, दुहेरी. आत जुन्या शालूच्या अस्तरासारखं मऊ कापड. मध्ये फोम, ठासून. चार कोपऱ्यांना ट्रंकेला असतात तशा पत्र्याच्या टोप्या. वरून पूर्ण झाकणारी झडप आणि तिला दोन पितळी बक्कलं. शफीने ब्रश काढला आणि झडपेवर पांढऱ्या रंगात लिहिलं, पुंजाराम. खूप वर्षांनी त्याचं अक्षर कॅम्पात उमटलं होतं. गल्लीतले लोक बघायला आले.

"हे तोफेखाली ठेवलं तरी फुटणार नाही," सायकलवाला म्हणाला.

अण्णांनी ते कव्हर छातीशी धरलं. मान हलवली. अमिना त्या दिवशी फार खूश होती. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी ती काही बोलली नाही.

त्यानंतर अण्णा गप्प झाले.

रोज यायचे. स्टुलावर बसायचे. कव्हर मांडीवर, दोन्ही बक्कलं लावलेली. शफी जोक सांगायचा, अण्णा हसायचे. बाईंचा आवाज मात्र नाही. अमिनाला वाटलं, नाथाशी काही वाजलं असेल. मग वाटलं, उन्हाने बरं नसेल. तिने शफीला विचारलं. शफी म्हणाला, "माणूस आहे, कधी बोलतो, कधी नाही. मी नाही का गप्प बसत?"

"कधी?"

शफी गप्प बसला.

मग एका दुपारी शफीने चहा केला आणि गप्पांच्या नादात अण्णांच्या कपात साखर टाकली. अण्णांनी ते पाहिलं. डावा हात बक्कलाकडे गेला. पट्टा ओढायचा तर दुसऱ्या हाताने कव्हर धरायला हवं, आणि दुसरा हात मांडीवर पडून होता. त्यांनी कव्हर गुडघ्यांत दाबलं. पट्टा थोडा सरकला, परत अडकला. तोवर शफीने चमचा ढवळून कप पुढे केला होता. अण्णांनी कप घेतला. साखरेचा चहा गुपचूप प्यायले.

अमिना मशीनवरून उठली. तिने कव्हर त्यांच्या मांडीवरून उचललं आणि उजेडात धरलं. पट्ट्याच्या टोकावर बारीक खळगे होते. एका ओळीत. तिने बोट फिरवलं. दातांचे व्रण होते.

"या अल्ला," ती म्हणाली. "अण्णा, मी तुमचं तोंडच शिवून टाकलं की हो."

अण्णांनी हात हलवला. राहू द्या, असं काहीतरी.

"राहू द्या काय! सांगायचं नाही का?" असं ती म्हणाली आणि मग तिलाच कळलं, सांगणार कशाने.

शफीने कव्हर हातात घेऊन उलटसुलट केलं. "तू जुझदान शिवलंस, अमिना. कुराण शरीफ गुंडाळून वरच्या फळीवर ठेवतात, तसं. इज्जतीने. पण बाईंना फळीवर नाही बसायचंय. बाईंना गप्पा मारायच्यात."

शफीची मतं अमिना सहसा ऐकत नाही. हे तिने ऐकलं. आपल्याकडे मोलाची वस्तू म्हणजे झाकायची, बांधायची, उचलून ठेवायची. तिनेही तेच केलं होतं. इतकी वर्षं तिने शिवलं ते सामान प्रवासात बंद राहायचं आणि घरी पोचल्यावर उघडायचं. ही पहिलीच वस्तू अशी होती की तिला उघडी राहूनच जपायचं होतं.

तिने कात्री घेतली आणि झडप कापली. अख्खं 'पुंजाराम' तिच्यासोबत गेलं. शफीने डोळे मिटले.

"आता बोला," ती म्हणाली. "काय काय हवं ते सांगा. मी मशीन चालवत नाही तोवर."

अण्णा बोलले. आठवड्याचं साचलेलं बोलले. बाईंनी त्यांच्या वतीने कव्हराची जी खरडपट्टी काढली ती इतक्या सभ्य मराठीत होती की अमिनाला हसू आवरेना. "हे अत्यंत जड आहे." "आवाज बाहेर येत नाही." "टॅब तापतो आणि बंद पडतो." "मला ओरडता येत नाही याची कृपया नोंद घ्या."

वेदिका आली तेव्हा अमिना स्टुलापाशी फरशीवर बसली होती आणि दोघं भांडत होते. म्हणजे अमिना भांडत होती आणि बाई उत्तरं देत होत्या.

नवं कव्हर असं ठरत गेलं.

झाकण नाही. त्याऐवजी पडद्याच्या चारी बाजूंनी रबराची उंच कड, बोटाच्या पेराहून थोडी कमी. टॅब तोंडावर पडला तर जमिनीला कड टेकेल, काच नाही. "ताटाला कड असते ना, तशी," अमिना म्हणाली. "आमटी सांडू नये म्हणून."

आवाज टॅबच्या बाजूने निघत होता आणि कॅनव्हास तो पिऊन टाकत होता. लहानपणी वडिलांच्या ट्रान्झिस्टरला चामड्याचं कव्हर होतं. त्याला पुढून जाळीसारखी भोकं होती. तिने तशीच भोकं पाडली, पण नुसती बाजूला नाही. बाहेरून एक छोटी वळवलेली पट्टी लावली, तळहात तोंडाशी धरून हाक मारतात तशी. आवाज बाजूला न जाता समोरच्याकडे जाऊ लागला. अण्णांनी चाचणी म्हणून एक चौकोन दाबला. पलीकडचा किराणावाला म्हणाला, "कोण म्हणतंय टीव्ही बंद करा?"

पाठीला कडक पुठ्ठा, म्हणजे टॅब वाकणार नाही. पुठ्ठ्याच्या मधोमध खिडकी आणि तिला जाळी, म्हणजे घाम सुटला तर वारा लागेल. चार्जिंगच्या भोकावर रबराची छोटी जीभ, धूळ जाऊ नये म्हणून, आणि ती जीभ कव्हरलाच शिवलेली, हरवू नये म्हणून. कॅमेऱ्यासाठी भोक पाडायला मात्र ती विसरली.

"आपा, याचा डोळा झाकलात," वेदिका म्हणाली.

"बोलायच्या यंत्राला डोळा कशाला?"

"फोटो काढायला. माझ्या सुपारीचे."

अमिनाने भोकं पाडायची आरी उचलली आणि डोळा उघडला.

सगळ्यांत अवघड होतं ते हात. एका हाताचा माणूस टॅब धरेल की दाबेल? म्हणून तो माणसाने धरायचाच नाही, असं ठरलं. गळ्यात रुंद पट्टा आणि टॅब पोटावर तिरका टेकलेला, जत्रेतला शेंगदाणेवाला पाटी अडकवतो तसा. पाठीला इलॅस्टिकची एक पट्टी, तिच्यात लुळा उजवा हात सरकवायचा. तो हात काही करत नव्हता, पण त्याच्या वजनाने टॅब हलायचा थांबला. अण्णांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी त्याला नोकरी लागली होती. टेबलावर ठेवायला मागे घडीची टेकणी, आरशाच्या फ्रेमला असते तशी.

पट्टा घट्ट शिवायला ती निघाली होती. शफी म्हणाला, "एस्टीच्या दारात कशात अडकला तर? टॅब वाचेल, अण्णा जातील." म्हणून पट्ट्याला टिचबटणं लागली. जोराने ओढलं की सुटतील. टॅब पडेल, पण मान सुटेल.

"म्हणजे तू पडायची सोय पण केलीस," शफी म्हणाला.

"मग पडण्याचंच बघायचं," अमिना म्हणाली.

बाईंना पाडून बघायची कुणाची छाती नव्हती. मोरीची एक उरलेली टाइल होती, साधारण तेवढीच. अमिनाने ती कव्हरात बसवली आणि दुकानाच्या पायरीवरून सोडली. बाहेर काढली तर कोपरा फुटलेला. पत्र्याच्या टोप्या तिने तशाच ठेवल्या होत्या, त्यांनी सगळा दणका सरळ आत पोचवला होता. तिने टोप्या काढल्या, कोपऱ्यात आणखी फोम ठासला. टाइल परत फुटली. शेजारच्या गवंड्याकडून टाइलचे तुकडे मागून आणले. तेही फुटले. संध्याकाळपर्यंत पायरीखाली पांढऱ्या ठिकऱ्या पडल्या आणि सायकलवाला विचारून गेला की दुकान पाडताय का.

अमिना ठिकऱ्या झाडत होती. झाडता झाडता थांबली. गादी भरताना वडील बजावायचे, कोपऱ्यात कापूस ठासू नकोस. मध्ये भर, कोपऱ्याला हवा ठेव. ठासलेला कोपरा दगड होतो. माणूस बसला की तो फाटतो. तिने तेव्हा कारण विचारलं नव्हतं.

तिने कोपरे उसवले. सगळा फोम काढला. रबराच्या पट्टीला फुगवटा देऊन कोपऱ्याबाहेर नुसती पोकळी ठेवली. आत काही नाही. दाबलं की दबतं, सोडलं की परत येतं. चार कोपऱ्यांना चार फुगलेले गाल आले. दिसायला कव्हर अगदी बाळसेदार झालं.

टाइल पायरीवरून पडली. उडाली. पालथी पडली. अमिनाने ती काढली, नखाने वाजवली. अखंड.

"रिकाम्या जागेने वाचवलं," वेदिका म्हणाली.

"रिकामी नाही गं. हवा आहे," अमिना म्हणाली.

पण टाइल म्हणजे टाइल. बाई वाचतील का, हे कुणालाच माहीत नव्हतं.

सुपारीच्या दिवशी सगळे कळवणच्या एस्टीत बसले. अमिना आणि शफीलाही आग्रहाने नेलं होतं. अमिनाने नवी ओढणी घेतली होती आणि पर्समध्ये सुई, दोरा, छोटी कात्री. वणी मागे पडलं तसं ऊन चढलं. अण्णा पट्टा गळ्यात घालून ताठ बसले होते. कंडक्टर पाठ फिरवून पुढच्यांची तिकिटं फाडत होता. मागून आवाज आला, "कृपया खिडकी उघडा."

कंडक्टर वळला. "कोण बाई बोलल्या?"

अण्णांनी बोट वर केलं.

कंडक्टरने त्यांच्या मिशीकडे पाहिलं, टॅबकडे पाहिलं आणि खिडकी उघडली. उतरेपर्यंत तो अण्णांना "ताई" म्हणून हाक मारत होता आणि अण्णा दर वेळी काहीतरी उत्तर देत होते. नाथाने रुमालाने तोंड झाकून घेतलं होतं.

अण्णांच्या कळवणच्या घरी ओटीवर बैठक मांडली होती. शहाबादी फरशी, वर सतरंजी, पण अण्णांना खाली बसता येत नाही म्हणून त्यांची खुर्ची सतरंजीबाहेर, उघड्या फरशीवर. अमिना बायकांमध्ये दाराजवळ बसली. तिथून तिला अण्णा दिसत होते. वेदिका आत, पडद्याआड. सार्थक समोर, मान खाली. त्याचे मामा त्याच्या शेजारी. मामा बोलायला लागले की थांबत नव्हते. पाऊस, द्राक्षाचा भाव, रस्त्याचं काम, सगळं करून ते सोयरिकीवर आले.

"तर मंडळी, पोरांची पसंती हाय. घराणी जुनी. आता वडीलधाऱ्यांचा शब्द घ्यायचा. पुंजाअण्णा, सोयरीक पसंत हाय ना?"

अण्णांचं बोट अक्षरांवर गेलं. एक अक्षर. दुसरं. बैठक बघत होती. कुणीतरी खाकरलं. एक पोरगं मोठ्याने म्हणालं, "बाबा गेम खेळू राहिला." त्याला कुणीतरी दटावलं. अण्णांचं बोट चुकलं. त्यांनी पुसलं, परत सुरुवात केली.

ती शांतता लोकांना झेपेना. नाथाला तर मुळीच झेपेना. तो पुढे झाला आणि हसून म्हणाला, "आबांची पसंती हायच हो. त्यांचा होकार धरा."

"धरला!" मामा म्हणाले. "मग आता वैशाखातली तारीख—"

आणि बैठक सुटली. सगळे एकदम बोलायला लागले. कुणी पंचांग मागितलं, कुणी मंडपवाल्याचं नाव घेतलं. बाईंनी मध्येच म्हटलं, "थांबा." कडेने, भोकांतून, समोर जाईल असं म्हटलं. पण ओटीचं आता लग्नघर झालं होतं. अण्णांनी परत दाबलं. "थांबा." शेजारच्याने त्यांच्या गुडघ्यावर प्रेमाने थोपटलं.

अमिना अर्धी उठली. काय करावं तिला कळेना. ती कोण बोलणारी?

तिने पाहिलं, अण्णांनी डावा हात टॅबवरून काढला. वर नेला. पट्टा मुठीत धरला. तिला वाटलं, गळ्यातून काढून ठेवतायत. हरले. मग तिला त्यांचा चेहरा दिसला. भरल्या बाजारात, ट्रॅक्टरच्या कडेला उभं राहून भाव पुकारायच्या आधी तो चेहरा असाच होत असणार.

अण्णांनी हिसका दिला. टिचबटणं सुटली. त्यांनी पट्ट्यानेच टॅब वर ओढला, लुळा उजवा हात इलॅस्टिकमधून निसटला आणि त्यांनी बाईंना खांद्याएवढ्या उंचीवरून शहाबादीवर सोडून दिलं.

कोपरा आधी टेकला. टॅब उडाला, गिरकी घेतली आणि पालथा आपटला. फटाका फुटावा तसा आवाज झाला. पंचांग उघडणारे हात तसेच थांबले. आतून वेदिका किंचाळून पडद्याबाहेर आली. नाथा "आबा!" म्हणाला.

ओटीवर इतकं शांत झालं की आतल्या स्टोव्हचा आवाज ऐकू आला.

अण्णांनी अमिनाकडे पाहिलं. अमिना गेली. गुडघ्यांवर बसली. टॅब पालथाच होता. तिला तो उलटायचा धीर होईना. तिने आधी कोपरे चाचपले. एक गाल फाटला होता, हवा गेली होती. बाकीचे धड. तिने बिस्मिल्ला म्हटलं आणि उलटा केला.

पडदा उजळलेला होता. कुठे ओरखडा नाही. अण्णांचं अर्धं वाक्य तसंच तिथे होतं.

तिने टेकणी उघडून टॅब त्यांच्या मांडीवर ठेवला आणि घट्ट धरून बसली. अण्णांनी उरलेली अक्षरं लावली. सावकाश. आता कुणी खाकरलं नाही.

बाई म्हणाल्या, "वेदिकाची परीक्षा जूनमध्ये आहे. परीक्षा आधी. लग्न नंतर. हे मान्य असेल तर सोयरीक पसंत आहे."

मामांनी घसा साफ केला. "तसं नाय अण्णा, पण वैशाखात मुहूर्त..."

"मामा," सार्थक म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मला चालंल. मी पण तेच म्हणणार व्हतो."

"मग म्हणाला का नाय रं?"

"मला कोणी इचारलं?"

अण्णांचं बोट भराभर चाललं. बाईंनी त्याला शुद्ध मराठीत विचारलं, "तुला तर जीभ आहे. तुला काय अडचण होती?"

ओटी हसली. आतल्या बायका हसल्या. मामा आधी थोडं, मग पोट धरून हसले. म्हणाले, "अण्णा, तुमी मुके झाले म्हणून मी बेसावध राहिलो." नाथा बापाच्या खुर्चीशी येऊन उकिडवा बसला. बापाचा उजवा हात उचलून आपल्या हातात घेतला. लग्न दिवाळीनंतर ठरलं. सुपारी फुटली. वेदिकाने अण्णांच्या पाया पडून झाल्यावर अमिनाला मिठी मारली आणि तिच्या नव्या ओढणीला हळद लागली.

जेवणं झाली. अमिना ओटीच्या कडेला बसली होती. शफी तिच्याजवळ पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि पहिल्यांदाच काही मत न देता बसून राहिला.

अण्णा खुर्चीवरून बोलावत होते. म्हणजे बाई बोलावत होत्या. "आपा, इकडे या."

ती गेली. आता आभार मानतील, तिला वाटलं. तिने ओढणी सावरली.

"पट्टा मानेला टोचतो," बाई म्हणाल्या.

"काय?"

"सकाळपासून टोचतो. टेकणी डुगडुगते. कॅमेऱ्याचं भोक वाकडं आहे. हिरवा रंग मला मुळीच आवडत नाही."

"अण्णा, काळीज माझं अजून ठिकाणावर नाही, आणि तुम्ही रंग काढता!"

"अजून बरंच आहे," बाई म्हणाल्या. "बसा."

अमिना बसली. पर्समधून कात्री काढली, पट्टा उलटा केला. आतल्या शिवणीत दोऱ्याची एक गाठ वर आली होती, टणक. टोचणारच. वर अण्णा बोलतच होते. तिने गाठ पकडली आणि टाके उसवायला घेतले.